पगाराच्या यादीचा प्रवास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘पगाराच्या यादीचा प्रवास’ असे मी सांगितले. गिरणगावातल्या जुन्या पगाराच्या दिवसाच्या आठवणी ऐकावयास मिळतील अशी त्यांची समजूत झाली असावी. तो दिवस मी लहानपणी पाहिला आहे. गिरणीच्या फाटकाबाहेर खानावळवाल्या बाया, उधारीचा वाणी आणि व्याजाचे पैसे वसूल करणारे उभे असत, आणि आत खात्याखात्यांतून रांगा लागत. कारकून मस्टर पाहून नाव पुकारी, कामगार बिल्ला दाखवी, नोटा मोजून घेई आणि सही करी किंवा अंगठा उठवी. यादी, पैसे, देणारा आणि घेणारा एकाच टेबलाशी असत. चूक झाली तर ती तिथल्या तिथे दिसे, आणि भांडणही तिथल्या तिथेच होई.

ते टेबल आता उरलेले नाही. पगार चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यावा, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरविले होते. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने, कामगाराची लेखी संमती असेल तर, धनादेशाने किंवा बँकेतल्या खात्यावर पगार देण्याची मुभा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने त्या लेखी संमतीची अट गेली, आणि २०१९ च्या वेतन संहितेत तर इलेक्ट्रॉनिक मार्गाचा सरळ उल्लेख आला. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पगाराच्या टेबलाशी उभा राहून प्रत्येकाच्या नोटांतून आपला हिस्सा काढून घेणारा मुकादम आम्ही पाहिला आहे. खात्यावर पगार आल्याने त्याचा हात दूर झाला. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. पैसे आणि यादी यांची ताटातूट झाली. आज कामगाराला प्रत्यक्षात जे मिळते ते यादीमुळे मिळते, आणि ती यादी फाईल होऊन गावभर प्रवास करते.

हा प्रवास कसा होतो पाहा. परळच्या एखाद्या उंच इमारतीत सफाईचे काम करणारी बाई त्या इमारतीतल्या कंपनीची नोकर नसते. ती कंत्राटदाराची असते. तिची हजेरी कंपनीच्या यंत्रावर लागते. त्या हजेरीची फाईल कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटदार ती पगारपत्रक बनविणाऱ्या तिसऱ्याच मंडळींकडे धाडतो. तयार यादी बँकेकडे जाते, आणि एकगठ्ठा पगार अनेकदा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निरनिराळ्या बँकांत पोहोचतात. हे कॉर्पोरेशन २००८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलात आहे. भविष्यनिर्वाह निधीची वेगळी फाईल निघते. तीत प्रत्येकाचा बारा आकडी क्रमांक असतो. म्हणजे एका बाईच्या एका महिन्याच्या श्रमाची नोंद चारपाच संस्थांच्या उंबरठ्यांवरून जाते. या संस्था एकमेकींच्या व्यवसायातल्या भागीदार आहेत. पण एकीच्या घरात काय चालते ते दुसरीला दिसत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका तक्रारीमुळे. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर अशाच एका इमारतीतल्या अडतीस सफाई कामगारांचे पगार चुकीच्या खात्यांवर जमा झाले. कंत्राटदाराच्या कारकुनाने नावांचा रकाना अकारविल्हे लावला. खाते क्रमांकांचा रकाना मात्र होता तसाच राहिला. नावे हलली, आकडे हलले नाहीत. बँक पैसे जमा करताना खाते क्रमांक पाहत असे, नाव पाहत नसे. नुसत्या क्रमांकावर पैसे जमा होतील असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच स्पष्ट केले होते. पैसे पाठविणाऱ्याला आधी नाव पडताळून पाहता यावे, अशी सोय बँकांनी एनईएफटी व आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी असा आदेश निघाला. आमच्या प्रसंगी ती सोय नव्हती. वडाळ्याहून येणाऱ्या एका बाईने मला विचारले, “भाऊ, काम मी केलं, मग पगार कोणाला गेला?” या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवावयास मला सहा आठवडे लागले.

कंत्राटदार म्हणे, आम्ही बरोबर यादी पाठविली होती. बँकेचे अधिकारी म्हणत, आमच्याकडे दोन याद्या आल्या, आम्ही नंतरची घेतली. नंतरची कोणी पाठविली? ई-मेलने आली. कोणाच्या ई-मेलवरून? कार्यालयातल्या सगळ्यांच्या वापरात असलेल्या. पहिली यादी रद्द करा असे कोणी सांगितले? कोणीतरी फोनवरून. शेवटी पैसे परत फिरले, पण दिवाळी निघून गेली होती. त्या सहा आठवड्यांत माझ्या लक्षात आले की, आम्ही युनियनवाले व्यवस्थापनाला साधे पत्र दिले तरी दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दारातून हलत नाही. आणि अडतीस संसारांची यादी मात्र शिक्क्यावाचून, पोचपावतीवाचून गेली होती.

माझे शिक्षण दहावीपुढे झालेले नाही. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी ऐरोलीला संगणकांच्या कंपनीत रात्रपाळी करते. रविवारी दुपारी तिच्यासमोर वही घेऊन बसून मी हे शिकलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

दोन संस्थांमध्ये फाईल जावयाची असेल तर तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. ही फाईल खरोखर त्याच माणसाकडून आली काय? वाटेत कोणी ती वाचली किंवा बदलली काय? आणि समोरच्याला मिळाली तर नेमकी कोणती मिळाली? कागदाच्या काळात पहिल्याचे उत्तर सही देई, दुसऱ्याचे लाखेची मोहोर, आणि तिसऱ्याचे रजिस्टर पत्राची पोच. संगणकाच्या काळात हीच तीन कामे गणिताने करावी लागतात.

फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम प्रथम लिहून काढले ते अभय भूषण या भारतीयाने, हे ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९७१ साली त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. त्या काळी एकमेकांना जोडलेले संगणक थोडे होते, परस्परांवर विश्वास होता, म्हणून त्यात परवलीचा शब्द उघडाच जाई. पुढे जाळे पसरले आणि चोरही आले. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी कान लावून परवलीचे शब्द चोरले. तेव्हा तेथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच नावाची गुप्त वाट तयार केली. त्या वाटेवरून फाईल नेण्याच्या पद्धतीला एसएफटीपी म्हणतात. आज पुष्कळ कंपन्या आपल्या बँकेला याद्या पाठवितात त्या याच वाटेने.

या वाटेचे मर्म किल्ल्यांच्या जोडीत आहे. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली. समजा, बँकेने एकाच किल्लीने उघडणारी शंभर कुलुपे बनविली आणि ती उघडीच शंभर कंत्राटदारांना वाटली. कंत्राटदार यादी पेटीत घालतो, कुलूप दाबून लावतो आणि पेटी पाठवितो. एकदा लावल्यावर त्यालाही ती उघडता येत नाही. किल्ली फक्त बँकेजवळ आहे. कुलूप कोणालाही द्यावे, किल्ली कोणालाही देऊ नये, एवढाच नियम. सहीची रीत याच्या उलट आहे. कंत्राटदार स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने यादीवर खूण करतो, आणि त्याने सर्वांना दिलेल्या उघड किल्लीने ती खूण त्याचीच आहे हे कोणालाही ताडून पाहता येते.

सही करण्यापूर्वी यादीचा ठसा घेतात. शे-दोनशे पानांची यादी असो की चार ओळींची, एका ठराविक गणिताने तिच्यावरून चौसष्ट अक्षरे-आकड्यांचा एक ठसा निघतो. यादीतला एक आकडा बदलला, नव्हे, एक रिकामी जागा वाढली, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. दोन याद्या एकच आहेत की वेगळ्या, हे त्यामुळे क्षणात कळते. आमच्या अडतीस जणांच्या प्रकरणी दोन्ही याद्यांचे सहीबंद ठसे असते, तर सहा आठवड्यांचे काम सहा मिनिटांत झाले असते.

राहिला तिसरा प्रश्न, पोचेचा. एसएफटीपीच्या वाटेने फाईल ठेवता येते, पण मिळाल्याची सहीनिशी पावती त्या वाटेत मुळातच नाही. म्हणून बँका आपल्याकडून उलट फाईल पाठवितात: अमुक ओळी स्वीकारल्या, अमुक परतविल्या. व्यापारी जगाने यासाठी एएस-टू नावाची दुसरी पद्धत काढली. २००२ साली अमेरिकेतल्या वॉलमार्ट या बड्या दुकानदाराने आपल्या पुरवठादारांना ती वापरण्यास सांगितले आणि ती सर्वत्र पसरली. २००५ साली तिचे नियम अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. या पद्धतीत माल स्वीकारणारा आलेल्या फाईलीचा ठसा काढतो, त्यावर आपली सही करतो आणि तो पाठविणाऱ्याकडे परत धाडतो. ‘मला मिळाली’ एवढेच तो म्हणत नाही, ‘हीच मिळाली’ असे म्हणतो. पाठविणाऱ्याला पाठविल्याचे नाकारता येत नाही आणि घेणाऱ्याला घेतल्याचे नाकारता येत नाही. रजिस्टर पत्राच्या पोचेपेक्षा ही पोच पक्की आहे, कारण पोस्टाची पोच पाकीट मिळाल्याचे सांगते, आतल्या मजकुराचे सांगत नाही.

समोरचा खरा कोण हे न तपासल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या पुण्यात घडले. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमवरून आलेली विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेकडे जाऊन तिची मंजुरी यावयाची. चोरांनी मध्येच आपली बनावट यंत्रणा बसविली आणि तीच मंजुऱ्या देत राहिली. अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले, आणि दोन दिवसांनी हाँगकाँगकडेही रक्कम वळविली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ‘होय, द्या’ हे शब्द कोणाच्या तोंडचे आहेत, हा प्रश्न अशा वेळी पुस्तकी राहत नाही.

आता ‘क्लाऊड’ या शब्दाकडे वळतो. क्लाऊड म्हणजे ढग. पण हा ढग आकाशात नाही. तो ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारतींत आहे. ज्या पट्ट्यात आम्ही रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेतल्या, तेथे आता संगणकांची गोदामे उभी आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आणि अमेझॉनने २०१६ साली मुंबई येथे आपले क्लाऊड विभाग सुरू केले. कंपन्या त्यांतली जागा भाड्याने घेतात. फाईलींची देवाणघेवाण करण्याची तयार व्यवस्थाही तेथे भाड्याने मिळते. अमेझॉनने ती २०१८ साली एसएफटीपीसाठी सुरू केली आणि २०२२ साली तीत एएस-टूची भर घातली.

भाड्याच्या जागेत जबाबदारी कोणाची, हे चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावयास नको. जिना, गच्ची, पाण्याची टाकी घरमालकाने पाहावयाची. खोलीच्या दाराची कडी आपण लावावयाची. क्लाऊडवाल्यांचाही करार असाच असतो. इमारत, वीज, यंत्रे त्यांची. कोणाला कोणत्या खोलीत येऊ द्यावयाचे हे ठरविणे भाडेकरूचे. पुष्कळशा चोऱ्या भाडेकरूने कडी न लावल्याने होतात.

ही कडी लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिली हाताची. एखादा हुशार तरुण पडद्यासमोर बसून वीसपंचवीस ठिकाणी बटणे दाबतो आणि बँकेसाठी एक वाट, कंत्राटदारासाठी दुसरी वाट उघडून देतो. काम होते. पण काय केले हे त्याच्या डोक्यात राहते. वर्षाने तो दुसरीकडे जातो, कंत्राटदारही बदलतो, कारण आपल्याकडे कंत्राटदार कॅलेंडरासारखे बदलतात. आणि जुन्या कंत्राटदाराची वाट मात्र उघडीच राहते. कोणाला तिची आठवण नसते.

दुसरी रीत कोडची. बटणे न दाबता सर्व व्यवस्था मजकुराच्या ओळींत लिहून काढावयाची आणि तो मजकूर यंत्राला द्यावयाचा. यंत्र त्याबरहुकूम वाटा उघडते आणि बंद करते. २०१४ साली निघालेले टेराफॉर्म हे अशा कामाचे एक प्रसिद्ध साधन आहे. त्या मुलीने मला अशा ओळी दाखविल्या. त्या इंग्रजी धाटणीच्या असतात. मराठीत उतरविल्या तर अशा होतील:

विभाग: मुंबई.
भागीदार: बँक. तिचे प्रमाणपत्र अमुक. त्याची मुदत अमुक तारखेपर्यंत.
भागीदार: कंत्राटदार. त्याचे प्रमाणपत्र अमुक. त्याची मुदत कंत्राटाच्या शेवटच्या दिवसापर्यंत.
करार: या दोघांमध्ये. यादीवर सही हवी. यादी कुलूपबंद हवी. पोच सहीची हवी.
कप्पा: पगार. कंत्राटदाराला त्यात यादी टाकता येईल. दुसऱ्याची वाचता येणार नाही.
मुदत: पोच मिळाल्यावर सात दिवसांनी यादी पुसावी. पोच आणि नोंदवही राखून ठेवावी.

यातला ‘करार’ हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. अमेझॉनच्या त्या व्यवस्थेत या भागाचे नावच ‘ॲग्रीमेंट’ आहे. उभा जन्म करारांची कलमे वाचण्यात गेल्यामुळे तो शब्द पाहताच मला हे प्रकरण परके वाटेनासे झाले. पहिल्या ओळीतला ‘मुंबई’ हा शब्दही उगीच नाही. पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. तो पाळला जातो की नाही हे अशा एका ओळीवरून तपासता येते.

कोड म्हणजे लिखित करार, आणि तो स्वतःला अमलात आणणारा करार, असे मी समजतो. लिखित असल्याने त्याला चार गुण येतात. पहिला, तो दुसऱ्याला वाचता येतो. चांगल्या कार्यालयात एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचून मान्य केल्याखेरीज चालू होत नाही. दुसरा, त्याला इतिहास असतो. २००५ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी केलेल्या गिट या साधनाने कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहते. तिसरा, बदल करण्यापूर्वी काय काय बदलेल याचा आराखडा यंत्राकडून मागता येतो. आधी चाचणीच्या जागेत करून पाहता येते. चौथा, हाताने कोणी गुपचूप वाट उघडलीच, तर लिहिलेले आणि असलेले यांचा मेळ बसत नाही आणि फरक उघडकीला येतो. कंत्राटदार गेला की त्याच्या ओळी काढावयाच्या; त्याची वाट बंद झाली, आणि ती अमुक दिवशी बंद झाली याचा पुरावाही राहिला.

एक पथ्य मात्र कडक आहे. गुप्त किल्ली किंवा परवलीचा शब्द कोडमध्ये कधीही लिहावयाचा नाही. किल्ल्या वेगळ्या तिजोरीत राहतात, आणि कोडमध्ये फक्त ‘तिजोरीतली अमुक क्रमांकाची किल्ली वापर’ एवढेच असते. घराचा नकाशा शेजाऱ्याला दाखविता येतो. त्यात किल्ली ठेवून दाखवीत नाहीत.

आता या सर्वाने काय होत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी विक्रेता ठरेन. वाट सुरक्षित झाली म्हणून चुकीची यादी बरोबर होत नाही. आमच्या कारकुनाची हललेली यादी उत्तम सही होऊन, कुलूपबंद होऊन, पोचेसह बँकेत गेली असती, आणि पगार चुकलेच असते. फरक एवढाच की चूक कोणाची हे त्याच दिवशी कळले असते. चूक अडविण्यासाठी वेगळी कलमे घालावी लागतात: या महिन्यातले खाते क्रमांक गेल्या महिन्याच्या क्रमांकांशी ताडून पाहा, एखाद्या कामगाराचे खाते बदललेले दिसले तर ती ओळ थांबव आणि दोन माणसांची मंजुरी माग. अडतीसपैकी बहुतेक खाती एकदम बदललेली पाहून यंत्राने ती यादी उंबरठ्यावरच धरली असती. पण हे कलम लिहावे असे कोणाला तरी सुचावे लागते, आणि ज्याचा पगार चुकलेला असतो त्यालाच ते आधी सुचते.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. फाईली नेणाऱ्या साधनातच खोट निघाली तर? मे २०२३ मध्ये असेच झाले. मूव्हइट नावाचे फाईली पोहोचविण्याचे साधन जगभर वापरात होते. क्लॉप या टोळीने त्यातले एक भोक शोधले आणि त्यातून तेथे साठलेल्या फाईली उचलल्या. जगातल्या दोन हजारांहून अधिक संस्थांना त्याची झळ लागली. ब्रिटनमध्ये झेलिस ही कंपनी अनेक मोठ्या मालकांची पगारपत्रके करते, आणि तीही हे साधन वापरीत होती. बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्स या संस्थांच्या नोकरांची माहिती अशा रीतीने चोरांच्या हाती पडली. त्या नोकरांनी मूव्हइटचे नावही ऐकले नसेल. मालकाने एका कंपनीवर विश्वास टाकला, तिने दुसरीच्या साधनावर. आणि जन्मतारखा व घरचे पत्ते कामगारांचे गेले.

यातून घेण्याजोगा धडा म्हणजे वाटेवर माल साठवू नये. पोच आली की यादी पुसावी. जे तेथे नाही ते चोरीला जात नाही. आणि यादीत पगारापुरतेच घालावे. पगार जमा करावयास नाव, खाते क्रमांक, शाखेचा अकरा अक्षरी संकेत आणि रक्कम पुरते. जन्मतारीख, घरचा पत्ता, जात, आजार यांचे तेथे काही काम नाही.

पण यादी पुसली तरी पोच पुसू नये, हे मी आग्रहाने सांगतो. यंत्रांच्या नोंदवह्या एकशे ऐंशी दिवस भारतात राखाव्यात, असा आदेश सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढला. चोर पकडण्यास ते पुरेल. पगाराचे भांडण त्याहून लांबते. १९३६ च्या कायद्यात तेरा-अ या कलमाखाली पगाराचे रजिस्टर शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे जपावयाचे होते. त्या काळचे रजिस्टर म्हणजेच आजची यादी, तिचा ठसा आणि तिची पोच. तेव्हा यादीचा ठसा व सहीची पोच तरी तीन वर्षे राहिली पाहिजे, अशी मागणी आम्ही आमच्या मागणीपत्रकात घालू लागलो आहोत. पहिल्या बैठकीत समोरचे साहेब म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, युनियनचा नव्हे. मी म्हटले, मस्टरसुद्धा तांत्रिकच होते. पण त्यात खाडा कोणाच्या नावावर पडतो ते आम्ही पाहत होतो.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती फुटली तर ज्याची माहिती फुटली त्याला कळविले पाहिजे, असे त्यात कलम आहे. कलमे छापून आली म्हणजे हक्क घरपोच येत नाहीत, हे या गिरणगावाला शिकवावयास नको. ते मागावे लागतात, आणि मागावयाचे असतील तर काय मागावयाचे ते नेमके ठाऊक असावे लागते.

म्हणून जाताना तुमच्या हाती तीन प्रश्न देतो. तुम्ही नोकरी करीत असा, दुकान चालवीत असा किंवा सोसायटीच्या रखवालदाराचा पगार कंत्राटदारामार्फत देत असा, हे प्रश्न तुमचेच आहेत. पहिला: आमची यादी कोणत्या वाटेने जाते, आणि त्या वाटेचे नियम कोठे लिहिलेले आहेत? दुसरा: गेल्या महिन्याच्या यादीची सहीची पोच दाखविता येईल काय? तिसरा: जो कंत्राटदार सोडून गेला त्याची वाट कोणत्या तारखेला बंद केली? ज्या कार्यालयात तिन्हींची उत्तरे लगेच मिळतील तेथे निश्चिंत राहा. जेथे ‘आमचा एक मुलगा आहे, तो बघतो’ असे उत्तर मिळेल, तेथे तो मुलगा कितीही गुणी असला तरी पुन्हा विचारा.

शेवटी मला शिकविणाऱ्या त्या मुलीबद्दल सांगतो. मुंबईतल्या कितीतरी आस्थापनांच्या फाईलींच्या वाटा ती रात्री दोन वाजता राखते. स्वतः ती कंत्राटावर आहे. तिचा पगारही अशाच एका यादीतून येतो. त्या यादीची पोच कोणाजवळ असते असे मी विचारले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “काका, हे मी कधी विचारलंच नाही.” मी तिला सांगितले तेच तुम्हांला सांगतो: अवश्य विचारा. लेखी विचारा, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.